बंदिश शिकवणारे आणि बंदिश बांधणारे

परीक्षेत मारुबिहाग सांगितला की बरेच विद्यार्थी एकच द्रुत बंदिश गातात. बंदिश चांगली बसवलेली असते, मुखडा नेमका येतो, शिक्षकांनी मेहनत घेतल्याचे दिसते. रचना कोणाची, असे विचारले की उत्तर येते, ‘पारंपरिक’. ती बंदिश डॉ. प्रभा अत्रे यांची आहे.

आपण गातो त्यातले पुष्कळ काही खरोखरच पारंपरिक आहे. बांधणाऱ्याचे नाव मागेच हरवले, बंदिश तेवढी गळ्यागळ्यांतून उरली. पण प्रभाताई १३ जानेवारी २०२४ पर्यंत आपल्यात होत्या. मारुबिहाग आणि कलावतीची त्यांची ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजली. आपल्या बंदिशी त्यांनी स्वरलिपीसह छापल्या आणि गाऊनही ठेवल्या. तरीही नाव पोहोचत नसेल तर दोष विद्यार्थ्यांचा नाही. वर्गात ते कोणी सांगितलेलेच नाही. सांगायचे राहते, कारण रचनाकार म्हणून आणि शिक्षक म्हणून त्यांनी केलेल्या कामाकडे आपण गायिकेच्या कारकिर्दीची पुरवणी म्हणूनच पाहत आलो.

१३ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. आई-वडील दोघेही शिक्षक. गाणे घरात आले ते आईच्या निमित्ताने. प्रकृती बरी नसायची म्हणून आईने शिकवणी लावली, ती ऐकता ऐकता मुलगी शिकू लागली. सुरुवातीचे शिक्षण विजय करंदीकर यांच्याकडे, पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घरातलीच तालीम. एकीकडे फर्ग्युसनमध्ये विज्ञानाची पदवी, मग कायद्याची. सुरेशबाबू १९५३ मध्ये गेले. पुढे हिराबाईंच्या मागे बसून साथ करताना मैफल कशी उभी राहते हे त्यांनी जवळून पाहिले. संगीत नाटकांतून भूमिका केल्या, आकाशवाणीवर नोकरी केली, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची पाश्चात्य संगीतशास्त्राची परीक्षाही दिली. इतक्या दिशांनी शिकलेली व्यक्ती पुढे केवळ गळ्यावर विसंबून राहणार नाही, हे तेव्हाच ठरून गेले असावे.

त्यांच्या सरगमचे उदाहरण आपण शिक्षकांनी मुद्दाम पाहावे असे आहे. ख्यालात सरगम घेणे किराणा घराण्याला नवे नव्हते. अब्दुल करीम खाँसाहेब सरगम गात, त्यामागे कर्नाटक संगीताशी त्यांचा आलेला संबंध होता. अमीर खाँसाहेबांच्या गायकीत तिला वेगळे रूप मिळाले, आणि त्या गायकीचा आपल्यावरचा प्रभाव प्रभाताई मोकळेपणाने सांगत. पण सरगम म्हणजे रियाजातली ओळखपाळख, ती मंचावर आणू नये, असे मानणारा जाणकारांचा मोठा वर्ग होता. प्रभाताई गात राहिल्या, आणि नुसत्या गाऊन थांबल्या नाहीत. सरगम हाच विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला, त्यावर डॉक्टरेट मिळवली. गाणे आधी झाले, गाण्यातून प्रश्न निघाला आणि त्याचे उत्तर कागदावर आले. आपल्याकडे संशोधनाचा प्रवास बहुतेक वेळा याच्या उलट होतो. आधी विषय मंजूर होतो, मग संदर्भ गोळा होतात, आणि गळा शेवटपर्यंत मध्ये येत नाही.

बंदिशीचेही तसेच, बांधता बांधताच प्रश्न निघतात. कलावती घ्या. षड्ज, गंधार, पंचम, धैवत आणि कोमल निषाद, एवढेच स्वर. रिषभ आणि मध्यम वर्ज्य, त्यामुळे गंधारावरून थेट पंचमावर जावे लागते. आलापाला सावकाश हिंडायला सवड असते, द्रुत बंदिशीच्या मुखड्याला ती नसते. तीनतालात खालीपासून मुखडा उचलला तर समेपर्यंत आठ मात्रा हाताशी असतात, आणि तेवढ्यात राग समोर उभा राहायला हवा. मग प्रश्न सुरू होतात. सम कोणत्या स्वरावर यावी? त्या स्वरावर कोणता वर्ण यावा? समेवर लांब ‘आ’ किंवा ‘ई’ आला तर आवाज मोकळा होतो, तिथून तान सोडता येते. जोडाक्षर आले तर लय वाढली की जीभ अडखळते. अंतऱ्याचा उठाव तार षड्जाकडे जाताना शब्द अपुरा पडला की गायक मधल्या मात्रा कसाबसा ताण देऊन भरतो. ज्याने एकदा तरी या आठ मात्रांशी झटापट केली आहे, तो शिक्षक विद्यार्थ्याला बंदिश अशी का आहे ते सांगू शकतो. ज्याने केलेली नाही, तो फक्त ‘असे म्हण’ एवढेच सांगतो.

आणखी एक बाब आहे, ती आपल्या वर्गांत रोज समोर येते. आज गाणे शिकणाऱ्यांत मुली मोठ्या संख्येने आहेत. आपल्या जुन्या बंदिशींपैकी पुष्कळशा पुरुषांच्या आवाजाला धरून बांधलेल्या आहेत. मंद्रात खोलवर जाणारी स्थायी काळी एकच्या आवाजात भारदस्त वाटते. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीला ती तशीच दिली तर एक तर ती खाली घुसमटते किंवा वर जाऊन ओरडते. गाणाऱ्या बाईने स्वतःच्या गळ्यासाठी बांधलेल्या बंदिशी अशा वेळी शिक्षकाच्या हाती असणे ही फार मोठी सोय आहे. प्रभाताईंच्या रचनांचे हे मोल मैफलीच्या परीक्षणात येत नाही, ते शिकवणाऱ्यालाच कळते.

१९७९ ते १९९२ या काळात त्या मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. विद्यापीठात शिकवणे म्हणजे तासाची घंटा, ठरलेला अभ्यासक्रम, वेगवेगळ्या तयारीच्या मुली आणि वर्षाअखेरीची परीक्षा. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे बसून जे आपोआप उमगते, ते इथे शब्दांत सांगावे लागते. परदेशातही त्यांनी शिकवले. त्या विद्यार्थ्यांना ‘घराण्यात असेच आहे’ हे उत्तर चालत नाही. माझ्या समजुतीने त्यांच्या लेखनातली स्वच्छता या वर्गांमधून आली. ‘स्वरमयी’पासून पुढे त्यांची पुस्तके येत राहिली. १८ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत त्यांची ११ पुस्तके एकाच मंचावर प्रकाशित झाली. अपूर्व कल्याण, मधुरकंस, दरबारी कंस, तिलंग भैरव, शिवकाली हे राग त्यांनी बांधले. पुण्यात ‘स्वरमयी गुरुकुल’ उभे केले, तिथे जुनी तालीम आणि आजची शिकवण्याची पद्धत एकत्र नांदावी हा हेतू होता. १९९० मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण आणि २०२२ मध्ये पद्मविभूषण मिळाले. आणि ९१ वर्षांच्या वयात देह ठेवला त्या दिवशीही मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते.

त्यांची सगळीच मते पटावीत असे नाही. रागांच्या समयनियमाकडे पुन्हा नव्याने पाहायला हवे असे त्या मांडत. सभागृहातले दिवे आणि कार्यक्रमाची वेळ यांनी हा नियम व्यवहारात केव्हाच सैल केला आहे, हे खरे. तरीही ललत पहाटे ऐकताना जे होते ते सायंकाळी होत नाही, हा माझा अनुभव मी सोडायला तयार नाही. पण त्यांनी आपले म्हणणे कारणांसह मांडले, म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. ‘आमच्याकडे असेच चालते’ या वाक्याशी वादही घालता येत नाही.

शिकवणारा रचनाकार ही आपल्याकडची जुनी वाट आहे. भातखंडे ‘चतुर’ नावाने लक्षणगीते बांधत, ती विद्यार्थ्यांना राग कळावा म्हणूनच. लखनौचे कॉलेज सांभाळणारे श्रीकृष्ण रातंजनकर ‘सुजन’, जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’, दिनकर कायकिणी ‘दिनरंग’, चिदानंद नगरकर, सी. आर. व्यास ‘गुणिजान’, अलाहाबाद विद्यापीठात शिकवणारे रामाश्रय झा ‘रामरंग’. यांतल्या प्रत्येकाच्या शिष्यांना बंदिश हा जिवंत व्यवहार होता, गुरू सकाळी बांधत आणि संध्याकाळी शिकवत. या यादीत बाईचे नाव शोधावे लागत होते. प्रभाताईंनी ती उणीव भरून काढली, आणि तीही तुरळक दोन-चार रचनांनी नव्हे, स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रणासह प्रसिद्ध केलेल्या संग्रहांनी.

मग आज ही वाट ओस का पडते आहे? आपण वर्गात बंदिशी साठवायला शिकवतो. वही भरते, परीक्षेसाठी रागांची संख्या पुरी होते, पण बंदिश बांधणे अभ्यासात कुठेच येत नाही. चित्रकलेच्या वर्गात मुलगा पहिल्या दिवसापासून स्वतः रेघ ओढतो. गाण्याच्या वर्गात मात्र अलंकार परीक्षा झालेला विद्यार्थीही आयुष्यात आठ मात्रांचा मुखडा स्वतः बसवून पाहत नाही. आणि शिक्षकाला याबद्दल विचारले तर तो संकोचाने म्हणतो, ‘आम्ही कोण बंदिश बांधणारे?’ हा विनय मला मान्य नाही. प्रत्येक रचना मंचावर जायची नसते. वर्गात बांधलेल्या बहुतेक बंदिशी टाकून द्याव्या लागतील, आणि त्या टाकताना का टाकल्या हे विद्यार्थ्याला कळेल. तोच त्या दिवसाचा पाठ.

वाचक-शिक्षकांना दोन विनंत्या आहेत. पहिली: बंदिश शिकवताना रचनाकाराचे नाव सांगा, वहीत लिहून घ्या, वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापा. माहीत नसेल तर तसे सांगा, पण शोध न घेता ‘पारंपरिक’ लिहू नका. दुसरी: मध्यमा परीक्षेच्या पुढच्या विद्यार्थ्यांना या वर्षी एक तरी स्थायी-अंतरा बांधायला लावा. राग सोपा घ्या, भूप किंवा दुर्गा चालेल. शब्द ब्रजचेच हवेत असे नाही, मराठीही चालतील. त्यातल्या चांगल्या रचना राग, ताल, लय, स्वरलिपी आणि विद्यार्थ्याच्या नावासह आमच्याकडे पाठवा. निवडक रचना पुढील अंकांपासून या मासिकात छापू, सोबत शिक्षकाचे टिपणही छापू.

– संपादक