थकलेल्या बैलाचा वाटा

वऱ्हाडांत शेतीची गोष्ट निघाली कीं कापसाचा भाव आणि पाऊस यांपलीकडे बोलणें सहसा जात नाहीं. ज्याच्या मानेवर हा सारा संसार उभा राहिला, त्या बैलाचें नांव पोळ्यापुरतें निघतें. आदल्या दिवशीं खांदेमळणी, दुसऱ्या दिवशीं झूल, तोरण आणि झडत्या. हें सर्व गोड आहे. परंतु तोच बैल म्हातारा होऊन खालीं बसला म्हणजे त्यास कोणीं पोसावें, हा प्रश्न आमच्या धामणगांव तालुक्यांत गांवोगांव पडलेला आहे. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरींही तो असेल. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

ट्रॅक्टर आल्यावर बैल हवाच कशाला, असें शहरांतील वाचक विचारतील. नांगरट यंत्रानें होते हें खरें. पण पऱ्हाटी गुडघाभर वाढल्यावर दोन तासांमधून डवरा फिरवावयाचा, तेथें लहान शेतकऱ्यास अजून बैलजोडीचाच आधार आहे. शिवाय शेणखत आहे. तरीही २०१९ सालच्या पशुगणनेंत देशांतील गाईंची संख्या वाढलेली, आणि गोवंशांतील नरांची मात्र २०१२ च्या मानानें सुमारें ३० टक्क्यांनीं घटलेली आढळली. याचा दोष एकट्या कायद्यावर घालणें न्यायाचें नव्हे. यंत्रें आलीं, ज्वारी मागें पडून सोयाबीन आलें आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनच्या कुटारास कडब्याची सर कोठून येणार? गांवची ई-क्लास जमीन, जेथें आखरावरून निघालेलीं गुरें दिवसभर चरत, ती कित्येक ठिकाणीं अतिक्रमणानें आंखडली. ढेपेचा भाव तर पालकांस सांगावयास नकोच.

आतां कायद्याकडे पाहूं. आमच्या प्रांतास हा वाद नवा नाहीं. मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा पशुसंरक्षणाचा कायदा १९४९ सालींच झाला होता. तो व इतर प्रांतांचे कायदे सर्वोच्च न्यायालयापुढें गेले, तेव्हां १९५८ सालीं असा निर्णय झाला कीं गाईच्या वधास पूर्ण बंदी योग्य आहे. पण निरुपयोगी झालेल्या बैलाच्या वधासही सरसकट बंदी घालणें वाजवी नाहीं. २००५ सालीं त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानें गुजरातच्या खटल्यांत हें मत फिरविलें. बैल थकला तरी शेण व मूत्र देतोच, तेव्हां तो निरुपयोगी म्हणतां येत नाहीं, असें त्यांतील एक कारण होतें. महाराष्ट्रांत बैलाच्याही वधास बंदी २०१५ च्या मार्चपासून लागू झाली.

बैल शेण देतो हें आम्हांस मान्य आहे. परंतु तें शेण फुकट होत नाहीं; त्याच्या मागें रोजचा चारा आहे. पूर्वीं थकलेला बैल बाजारांत विकून आलेल्या पैशांत भर घालून शेतकरी नवा गोऱ्हा घेई. तो मार्ग बंद झाला, त्याबरोबर खाटीक व कातडी कमावणारे यांचीही रोजी गेली. मुक्या प्राण्यास जीवदान द्यावें असें समाजानें ठरविलें असेल, तर त्या दयेचा खर्च सर्वांत गरीब माणसानें एकट्यानें कां सोसावा? दयाळू म्हणविणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा, ही वांटणी आम्हांस पटत नाहीं.

वर्धा नदीच्या पलीकडेच या प्रश्नाचा खोल विचार झाला होता. गवळाऊ जातीचीं गुरें ज्या आर्वी-कारंज्याच्या भागांतलीं, त्याच वर्धा जिल्ह्यांत जमनालालजी बजाज यांनीं आयुष्याचे शेवटचे दिवस, म्हणजे १९४२ च्या फेब्रुवारीपर्यंत, गोसेवेस वाहिले. गांधीजींच्या प्रेरणेनें नालवाडीस चर्मालय चाललें. तेथें मेलेल्या जनावराचेंच कातडें कमावीत. जिवंतपणीं दूध, श्रम व खत आणि मेल्यावर कातडें व हाडें, यांचा पुरता हिशेब मांडल्यावांचून गाय वांचणार नाहीं, हें त्या मंडळींस कळलें होतें. आज भक्ति उदंड आहे. हा हिशेब मात्र कोणी मांडीत नाहीं.

२०२४ सालीं राज्य सरकारनें गोशाळांतील देशी गाईंसाठीं दर दिवशीं ५० रुपये देण्याचें ठरविलें. ठीक झालें. पण ज्यानें बारा वर्षें राबलेला बैल गोशाळेंत न लोटतां स्वतःच्या दावणीस ठेविला, त्यास तेवढीच रक्कम कां मिळूं नये? लबाडी होईल, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर असें कीं, जनावरांच्या कानांत बारा आंकड्यांचे बिल्ले मारण्याची पद्धत आतां रूढ आहे. त्यावरून पशुवैद्यास वय व हजेरी पाहतां येईल. २०२२ सालीं लम्पीची सांथ आली, तेव्हां लस टोंचण्यास गोठ्यागोठ्यांत माणसें गेलींच कीं!

येथें तळेगांव दशासरच्या शंकरपटाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. शर्यतींवर २०१४ सालीं बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरांत ती उठली आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. इतकीं वर्षें ज्या बैलासाठीं हें सर्व चाललें, तो बहुधा गांवांतील सर्वांत चांगला खुराक खाणारा बैल! पटावर चाबूक व विजेचा धक्का यांस मनाई आहे, ती योग्यच. पण शेतांत पराणीच्या आरीनें ज्याचा पुठ्ठा सोलला जातो, त्याची दाद कोणी घेतली?

ग्रामपंचायतींनीं यंदा आपल्या ई-क्लास जमिनीची मोजणी मागावी, अतिक्रमण काढून तेथें गवत राखावें, आणि गांवांत थकलेले बैल किती आहेत याची यादी ग्रामसभेपुढें ठेवावी. ही यादी करण्याचें काम वरच्या वर्गांतील मुलें दिवाळीच्या सुटींत सहज करूं शकतील.