सोडून देण्याचा हिशेब

गेल्या अनंत चतुर्दशीनंतर चारपाच दिवसांनी आमच्या सोसायटीतला एक तरुण संध्याकाळी घरी आला. संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे, एरवी जिन्यात भेटला तर मान हलवण्यापुरती ओळख. म्हणाला, "काका, तुम्ही गळ टाकायला जाता ना? एक मासा पकडून द्यायचाय. घरातच आहे."

दोन वर्षांपूर्वी त्याने मत्स्यालयाच्या दुकानातून बोटभर लांबीचा एक मासा आणला होता. दुकानदाराने 'मगरमासा' म्हणून विकला. टाकीतले बाकीचे मासे याने एकेक करून संपवले आणि आता तो अडीच फुटांचा झाला होता. टाकीत त्याला वळताही येत नव्हते. त्या तरुणाच्या आईने तोडगा काढला होता : मुक्या जिवाला कशाला कोंडून ठेवता, तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल. फक्त दातांची भीती वाटत होती, म्हणून माझ्याकडे येणे झाले.

मी टाकीपाशी गेलो आणि ओळख पटली. लांबट मुस्कट, मागे शेपटीजवळ सरकलेले पर, फरशा बसवाव्यात तसे अंगावर खवले. हा अमेरिकेतला ॲलिगेटर गार. आपल्या भाषेत गार म्हणजे थंड, पण गारगोटीतली गार घेतली तर नाव त्याला शोभते, इतके ते खवले कठीण असतात. याच्या थोरल्या भावंडाला मी तीन वर्षांपूर्वी टेक्सासमध्ये दोन्ही हातांनी धरले होते, आणि सोडलेही होते. त्या दिवशी सोडणे योग्य होते. इथे सोडणे चूक ठरले असते. तीच कृती, तोच मासा. हा फरक त्या मायलेकांना समजावताना माझी बरीच तारांबळ उडाली, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

मुलगी डॅलसला असते. तिथून ट्रिनिटी नदी वाहत जाऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते. पाणी गढूळ, काठ चिखलाचे, आपल्याकडच्या भीमेची आठवण व्हावी अशी नदी. गारसाठी ही नदी साऱ्या जगात प्रसिद्ध आहे. जावयाने एक होडीवाला ठरवून दिला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा गृहस्थ. आमिष म्हणून कार्प माशाचे मुठीएवढे तुकडे, गळाच्या वर पोलादी तार (साधी दोरी त्याचे दात कापून टाकतात), वर तरंगणारे बूच. गळ टाकून काठ्या वाळूत रोवल्या आणि बसून राहिलो.

मासेमारीत माझा अनुभव मरळ आणि कटल्याचा. बूच बुडाले की झटका द्यायचा, हे हाताला सांगावे लागत नाही. इथे बूच बुडाले, सरकू लागले, रिळावरची दोरी भराभर सुटू लागली, आणि होडीवाल्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. थांबायचे. गारचा जबडा म्हणजे निव्वळ हाड, गळ त्यात रुतत नाही. तो आमिष दातांत धरून लांब जातो, मग थांबतो, तोंडातल्या तोंडात फिरवतो आणि मग गिळतो. लवकर ओढले तर मासा सुटतो. आणि उशिरा ओढले तर? तर गळ घशाच्याही खाली पोटात जातो. मासा हाती लागतो, फोटो निघतो, सोडूनही देता येतो, पण पोटात गळ घेऊन गेलेल्या त्या माशाचे पुढे काय होते ते फोटोत येत नाही. मधली जी काही क्षणांची फट आहे, तिथे या खेळाची सारी नीती आहे, असे मला तिथे बसल्याबसल्या वाटले. म्हणूनच काही मंडळी आता वाकड्या टोकाचा, जबड्याच्या कोपऱ्यात अडकणारा गोल गळ वापरतात. मासे कमी लागतात, लागलेले जगतात.

गळच नसलेली एक युक्तीही आहे. नायलॉनच्या दोरखंडाचा तुकडा पिंजून त्याचा झुबका पाण्यातून ओढायचा. गार त्याला चावतो आणि सुईसारख्या दातांत धागे गुंतून बसतात. दिसायला ही अहिंसक पद्धत. पण सोडताना धागे एकूण एक काढावे लागतात. घाईत राहिले तर जबडा जखडून राहतो आणि मासा उपाशी मरतो. दयेला चिमटा आणि सवड दोन्ही लागतात.

मला लागलेला मासा साडेपाच फुटांचा होता. पंधरावीस मिनिटे त्याने मला त्या वाळूवर नाचवले. मधूनच वर येऊन तोंड उघडून हवा घ्यायचा. गारचा वाताशय फुप्फुसासारखे काम करतो. उन्हाळ्यात पाणी तापले, त्यातला प्राणवायू घटला की इतर मासे तळमळतात, हा वर येऊन श्वास घेतो. त्यामुळेच पाण्याबाहेर तो बराच वेळ तग धरतो आणि उलट जाळ्यात तळाशी अडकून पडला तर गुदमरू शकतो. मासा पाण्यात बुडून मरतो हे ऐकून मला हसू आले होते. होडीवाल्याला आले नाही.

काठाशी आल्यावर त्याने डोक्यामागून दोराचा फास सरकवला, कल्ल्यांना धक्का न लावता. हातमोजे घातले, कारण दातांइतकेच खवल्यांचे काठ धारदार. वरच्या जबड्यात दातांच्या दोन ओळी. लांब पकडीने गळ निघाला. मग मला सांगितले, एक हात छातीखाली, एक शेपटीच्या अलीकडे, आणि आडवाच धरायचा. डोक्याला धरून उभा टांगायचा नाही, सारे वजन मणक्यावर येते. माणसासारखे छायाचित्र काढून झाले आणि आम्ही त्याला उथळ पाण्यात धरून उभे राहिलो. त्याने एकदा श्वास घेतला, शेपटीचा एक फटका माझ्या मांडीवर दिला आणि गढूळ पाण्यात दिसेनासा झाला.

परतताना होडीवाला म्हणाला, माझे वडील यांना बाण मारून काठावर फेकायचे. खायला नाही. फेकायलाच.

यात त्याच्या वडिलांचा दोष नव्हता. जवळजवळ शतकभर सरकारचेही तेच धोरण होते. गार शिकारीच्या चांगल्या माशांचा फडशा पाडतो असा समज होता, आणि त्याचे मांस सोलायला कुऱ्हाड लागते. गाभोळी तर माणसाला विषारी. (कोकणातल्या माणसाला गाभोळी फेकून दे म्हणून सांगणे हा छळच, पण गारची खरोखरच फेकावी लागते.) मूळचे रहिवासी त्याच्या खवल्यांची बाणांची टोके करीत. नंतर आलेल्यांना त्याचा काही उपयोग सुचला नाही आणि तो 'ट्रॅश फिश' म्हणजे कचरामासा या सदरात गेला. १९३०च्या दशकात टेक्सासच्या मत्स्यखात्याने वीजप्रवाह सोडून गार मारणारी एक होडीच बनवली होती. इलिनॉयमध्ये १९६६ नंतर ॲलिगेटर गार आढळला नाही आणि १९९४ मध्ये तो राज्यातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

मी आयुष्याची तेहतीस वर्षे बँकेत काढली. बुडीत खात्याच्या वहीत एकदा नाव गेले की त्या कर्जदाराच्या विहिरीला यंदा पाणी लागले का, हे पाहायला कोणी जात नाही. गारचे तेच झाले. त्याच्या पोटात काय आहे हे नीट तपासले गेले तेव्हा बहुतांशी निघाले ते कार्प, शॅड असे गळवाल्यांना फारसे नको असलेलेच मासे. तोवर कित्येक नद्यांतून तो संपला होता.

आणि संपलेला गार लवकर भरून येत नाही. मादी वयात यायला दहा वर्षे किंवा जास्तच लागतात. ती अंडी घालते पुराने बुडालेल्या गवतावर, झुडपांवर, म्हणजे वसंतात-उन्हाळ्यात नदी काठ सोडून पसरली आणि बरेच दिवस पसरून राहिली तरच. असे वर्ष कधीमधी येते. नदीला बांध घातले, धरणे बांधली की तेही येत नाही. २०११ मध्ये मिसिसिपीत एका मच्छीमाराच्या जाळ्यात साडेआठ फुटांच्या आसपास लांबीची मादी सापडली, वजन ३२७ पौंड, म्हणजे १४८ किलो. वय निदान ९५ वर्षे असावे असा अंदाज निघाला. पहिल्या महायुद्धाच्या वेळची ती पिल्लू. एवढी मोठी मादी मारणे म्हणजे व्याज नव्हे, मुद्दल काढून खाणे.

हे उमगायला वेळ लागला, पण उमगले. टेक्सासने २००९ मध्ये माणशी दिवसाला एकच गार अशी मर्यादा घातली. २०१९ मध्ये ट्रिनिटीच्या डॅलसपासून खालच्या मोठ्या पट्ट्यात चार फुटांहून लांब गार ठेवायला मनाई झाली. लांब मासा हवा असेल तर सोडतीत परवाना निघावा लागतो. त्या पट्ट्यात रात्री दिवे लावून बाण मारणेही बंद झाले. राज्यात मारलेल्या गारची नोंद चोवीस तासांत कळवणे बंधनकारक केले. इलिनॉयने २०१०पासून हॅचरीतली पिल्ले परत सोडायला सुरुवात केली. त्यामागे एक आशा अशीही बोलली जाते की, आशियातून आलेल्या आणि तिथल्या नद्यांत बेसुमार माजलेल्या कार्प माशांना हा खाईल. एकट्याने तो ते काम करील असे जाणकार म्हणत नाहीत. पण ज्याला खादाड म्हणून मारले त्याला खादाड म्हणूनच परत बोलावले, यातली गंमत लपत नाही. २०२१ मध्ये काही मत्स्यशास्त्रज्ञांनी 'रफ फिश' हा शब्दच निवृत्त करा असे जाहीरपणे लिहिले, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाने कायद्यात मूळचे मासे आणि घुसखोर मासे वेगळे केले. २०२३ मध्ये टेक्सासच्याच सॅम रेबर्न जलाशयात २८३ पौंडांचा गार गळाला लागला, विक्रम झाला, आणि मासा जिवंत सोडण्यात आला. १९५१ चा विक्रमी मासा असा सुटला नसता.

इथवर सांगून झाल्यावर तो तरुण म्हणाला, "मग काका, आपणही सोडूच की."

इथेच घोटाळा आहे. ट्रिनिटीत सोडलेला गार स्वतःच्या घरी परत जातो. आपल्याकडच्या तळ्यात सोडलेला गार कोणाच्या तरी घरात शिरतो. २०१८च्या महापुरात केरळात पाळलेले विदेशी मासे नद्यांत गेले, त्यांत अरापैमाबरोबर ॲलिगेटर गारही होता. २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि त्याच सुमारास श्रीनगरच्या दल सरोवरात गार सापडला. तो काही पोहत गेला नव्हता. चीनमध्ये २०२२ साली हेनान प्रांतातल्या रुझोऊ शहराने दोन गार पकडण्यासाठी बागेतले अख्खे तळे उपसले. जपानने २०१८ मध्ये गारची सारी कुळीच घातक परदेशी म्हणून नोंदवली. पाळणे, विकणे, सोडणे यांवर बंधने घातली. आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानातून बाहेर पडलेल्या माशाची कुठल्याही वहीत नोंद होत नाही.

आफ्रिकी मागूर माशावर २००० मध्ये देशभर बंदी आली, तरी पुढे हरित लवादाला त्याकडे पुन्हा लक्ष द्यावे लागले. आफ्रिकेतलीच चिलापी भिगवणच्या ताटात आता इतकी रुळली आहे की ती परकी, असे म्हटले तर खानावळवाला रागावेल. काचेची टाकी साफ करणारा सकर मासा उजनीच्या जाळ्यांत येतो आणि जाळी फाडतो. तोही कोणीतरी पुण्य म्हणून किंवा कंटाळा आला म्हणून सोडलेला.

पण परका म्हणजे परदेशीच असतो असेही नाही, आणि या बाबतीत आपण महाराष्ट्राच्या लोकांनी जरा नरमाईने बोलावे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पैदास होते. सह्याद्रीतला हा मासा तेव्हा अडचणीत होता, हेतू उत्तम होता. तिथले बीज देशात इतर नद्यांतही गेले, कावेरीतही. कावेरीत कुबडाचा म्हणून ओळखला जाणारा तिथलाच एक महाकाय महसीर होता. पुढे त्याची संख्या घसरत गेली, त्याच्या जागी आपला निळ्या पराचा महसीर वाढला, आणि २०१८ मध्ये कावेरीचा तो मासा अतिसंकटग्रस्त यादीत गेला. वाळूउपसा, धरणे, सुरुंगाची मासेमारी हीही कारणे आहेत, पण आपण पाठवलेला पाहुणा हे एक मोठे कारण मानले जाते. ही घसरण कळली कशावरून? काठावरच्या छावण्यांत गळवाले मासा धरून, वजन करून, सोडून देत आणि वहीत लिहून ठेवत, त्या वह्यांवरून. पुढे अभयारण्यातला गळ ही शिकारच ठरली, छावण्या बंद झाल्या. कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. पण वह्याही बंद झाल्या, आणि नदीवर रोज नजर ठेवणारी माणसेही गेली.

असो. त्या टाकीतल्या माशाचे काय करायचे हा प्रश्न राहिलाच. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. त्याच्याकडे असे आणखी दोन परत आले होते. पशुवैद्याकडून शांतपणे मरण देता येईल असे मी सुचवले, तेव्हा त्या तरुणाच्या आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी पुन्हा तो विषय काढला नाही. शेवटी पार्किंगच्या कोपऱ्यात हजार लिटरची पाण्याची टाकी आडवी कापून ठेवली आहे, वर जाळी. सेक्रेटरींचे पत्र आले आहे. मासा आता तीन फुटांच्या घरात आहे.

परवा मी पाहायला गेलो तेव्हा त्या त्याला खायला घालायलाच आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, हे किती वर्षं जगतं?"

मी म्हटले, "मादी असली तर पन्नासच्या पुढे."

त्या काही बोलल्या नाहीत. उरलेल्या कोळंबीची पिशवी फ्रीजमध्ये ठेवायला वर गेल्या.