‘मला हीच सूट होते’

बाजाराच्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते, म्हणून लांबण लावणाऱ्या रुग्णाला मी सहसा मध्येच थांबवतो. परंतु गेल्या महिन्यात आलेल्या एका गृहस्थांना थांबवले नाही. वय पन्नाशीच्या आत, स्वतःचे दुकान, दोन मुली शिकायला नांदेडला. तक्रारी जुन्याच. सकाळी मळमळ, भूक नाही, हाताला थोडा कंप. दोन वर्षांपूर्वी ते याच तक्रारी घेऊन आले होते आणि दारू बंद करा, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले होते. या वेळी खुर्चीवर बसता बसताच ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितल्यापासून मी ब्रँड बदलला बरं का. पहिली सूट होत नव्हती. मधी दुसरी घेऊन बघितली, तिनं डोकं दुखायचं. आता जी घ्यायलोय ती मात्र मला बरोबर सूट व्हायली."

मी ‘बंद करा’ म्हणालो होतो. त्यांनी ‘बदला’ असे ऐकले होते.

‘सूट होणे’ हा शब्द आपल्याकडे औषधासाठी वापरतात. अमक्या डॉक्टरची गोळी सूट होते, तमक्याची होत नाही. तोच शब्द आता व्हिस्कीसाठी वापरला जातो, आणि लोहा असो, कंधार असो की अहमदपूर, चार मित्र बसले की कोणाला कोणती सूट होते यावर तासभर चर्चा चालते. ही चर्चा चवीची आहे, असे बोलणाऱ्यांना प्रामाणिकपणे वाटते. ती चवीची नाही, असे माझे मत आहे, आणि आरोग्याच्या सदरात हा विषय त्यासाठीच घेतला आहे. मी काही फार सोवळा माणूस नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

मागच्या दिवाळीत आम्ही जुने वर्गमित्र एका मित्राच्या आखाड्यावर जमलो होतो. मुक्काम तिथेच होता, गाड्या कोणी चालवणार नव्हते. एक कंत्राटदार, एक शिक्षक, एक निवृत्त बँक अधिकारी, एक कृषी सेवा केंद्रवाला, यजमान आणि मी. नेहमीप्रमाणे ब्रँडवरून वाद सुरू झाला. कंत्राटदार मित्र बारा वर्षे एकच व्हिस्की घेतो आणि डोळे बांधून दिली तरी ओळखीन म्हणतो. मी म्हणालो, डोळे कशाला बांधायचे, नुसती नावे झाकू.

यजमानाच्या पुतण्याला आतल्या खोलीत बसवले. एकसारखे काचेचे ग्लास, खाली एक ते पाच आकड्यांच्या चिठ्ठ्या, कोणत्या आकड्याला काय ओतले ते फक्त त्याच्या वहीत. प्रत्येक ग्लासात औषधाच्या मापाने दहा मिलीलिटर आणि तेवढेच साधे पाणी. बर्फ नाही, सोडा नाही, चखणा नंतर. एक आपल्या दुकानात सर्रास मिळणारी, दुसरी त्याहून महाग व थोडी स्कॉच मिसळलेली, तिसरी परदेशातून आणून इथे बाटलीबंद केलेली स्कॉच आणि चौथी पुण्याच्या मित्राने दिलेली गोव्याची सिंगल माल्ट. पाचव्या ग्लासात पहिलीच पुन्हा ओतायला मी पुतण्याला हळूच सांगितले होते. हे बाकी कोणाला माहीत नव्हते. मी स्वतः हुंगले, जिभेवर घोळवले आणि बादलीत थुंकले. त्यावर सगळे हसले. पैसे वाया घालवायला डॉक्टरच लागतो म्हणाले.

निकाल असा लागला. कंत्राटदाराची बारा वर्षांची व्हिस्की म्हणजे ती पहिली, सर्रास मिळणारी. तिला एक नंबरच्या ग्लासात त्याने "ही आपली नव्हे, हलकी आहे" म्हणून शेवटचा क्रमांक दिला आणि पाच नंबरच्या ग्लासात तीच त्याला सर्वांत उत्तम लागली. बँक अधिकाऱ्यांनी स्कॉच म्हणून छातीठोकपणे दाखवली ती दुसरी निघाली. फक्त शिक्षक मित्राने, जो वर्षातून दोनदाच घेतो, एक व पाच सारख्याच आहेत हे ओळखले. त्याची नेहमीची अशी कोणतीच नव्हती, म्हणून त्याने नाकावर विश्वास ठेवला असावा. पाच माणसांच्या गमतीवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळते. पण माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात पाहतो, चाल पाहतो, दोन फेऱ्या मारायला लावतो. मालक कोण एवढे विचारून कोणी पैसे मोजत नाही. बाटलीच्या बाबतीत मात्र आपण मालकाचे नाव विचारूनच खूश असतो.

ज्यांचा चाखणे हा व्यवसायच आहे ते कसे चाखतात, हे पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या कारखान्यांत मिश्रण ठरवणारे तज्ज्ञ व्हिस्कीत पाणी घालून ती साधारण वीस टक्क्यांवर आणतात आणि मुख्यतः नाकाने पारखतात. दिवसात कित्येक नमुने तपासायचे असतात, पीत बसले तर दुपारपर्यंत कामातून जातील. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढेच ढोबळ कळते. व्हॅनिला, धूर, सुके फळ, लाकूड हे सगळे आपल्याला नाकाकडून कळते. थंडीने वास दबतो, म्हणून ते बर्फ टाळतात. आपल्याकडे बर्फ, सोडा, वर खारे शेंगदाणे, फरसाण आणि मिरचीचा ठेचा. ठेच्याने पेटलेल्या जिभेने जो व्हिस्कीतला फरक सांगतो त्याला माझा नमस्कार. (जाता जाता सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या ‘ॲसिडिटी’त आणि वाढलेल्या रक्तदाबात या चखण्याच्या तिखटमिठाचाही वाटा असतो.)

बाटलीत काय असते तेही माहीत असावे. स्कॉच म्हणवून घ्यायचे तर मद्यार्क धान्यापासून केलेला असावा लागतो आणि तो ओक लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावा लागतो. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा बराचसा भाग म्हणजे साखर कारखान्याच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेला, जवळजवळ वास नसलेला शुद्ध मद्यार्क असतो. त्यात थोडी माल्ट व्हिस्की आणि रंगासाठी जळक्या साखरेचा कॅरॅमल. मळीच्या मद्यार्काची अशी दारू युरोपात व्हिस्की या नावाने विकता येत नाही. रंग गडद म्हणजे माल जुना हा समज त्यामुळे खोटा आहे. रंग स्कॉचमध्येही घालतात. आपल्याच जिल्ह्यात धर्माबादजवळ बाळापूरला मद्यार्काचा मोठा कारखाना आहे. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हा ज्वारी भाकरीसाठी की बाटलीसाठी, असा मोठा वाद महाराष्ट्रात झाला होता. मराठवाड्याच्या माणसाने तो विसरू नये.

भारतात चांगली व्हिस्की होत नाही असेही नाही. बंगळूरच्या ‘अमृत’ने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला नेऊन विकायला ठेवली. गोव्याची ‘पॉल जॉन’ २०१२ मध्ये लंडनच्या बाजारात उतरली. आपल्या उष्ण हवेत पिंपातली दारू लवकर मुरते आणि उडूनही फार जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे दोन टक्के उडते, बंगळूरला दहा टक्क्यांच्या आसपास. किंमत वाढण्याचे तेही एक कारण आहे. तेव्हा चवीत फरक असतो, तो नाकारण्याचे कारण नाही. ज्याला आपली आवड शोधायचीच आहे, वय पंचवीसच्या पुढे आहे, परमिट आहे आणि अंगात कोणता आजार नाही, त्याने आखाड्यावरच्या आमच्यासारखी दहा-दहा मिलीची, नावे झाकलेली परीक्षा एकदा घ्यावी. आवड कळेल आणि बहुधा खिशातले पैसेही वाचतील.

पण माझ्या दुकानदार रुग्णाची गोष्ट चवीची नव्हती. त्यांना ‘सूट होते’ याचा अर्थ एवढाच, की अमुक इतकी घेतली तरी सकाळी डोके दुखत नाही आणि पाय लटपटत नाहीत. यात थोडे तथ्य आहे. गडद दारूत मद्यार्काखेरीज इतर घटक जास्त असतात आणि त्यांनी सकाळचा त्रास काहीसा वाढू शकतो. परंतु खरे कारण दुसरेच आहे. रोज घेणाऱ्याचा मेंदू हळूहळू मद्यार्काला सरावतो, यकृतही तो जास्त वेगाने जाळायला शिकते. पूर्वी दोन पेगला जी नशा यायची तिला चार लागतात, आणि दोन पेगनंतर काहीच वाटेनासे होते. वैद्यकात याला सवय जडण्याची पहिली पायरी म्हणतात. आपण त्याला ‘सूट झाली’ म्हणतो आणि पचते म्हणून मिरवतो. जी खूण पाहून माणसाने घाबरायला हवे, तिलाच तो ब्रँडचा गुण समजतो.

यकृतापुढे लेबल जात नाही, मद्यार्क जातो. आपल्याकडच्या व्हिस्कीत तो साधारण ४२.८ टक्के असतो. साठ मिलीच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे वीस ग्रॅम, क्वार्टरमध्ये साठ. सर्वसाधारण माणसाचे यकृत तासाला सात-आठ ग्रॅम मद्यार्क जाळते. रात्री दहाला क्वार्टर संपवली तर हिशेबाने सकाळी सहापर्यंत ती रक्तात आहे. मग पहाटे मोटारसायकलवर टांग टाकून नांदेडची गाडी गाठायला निघालेला माणूस ‘कालची उतरली’ म्हणतो, ते कोणाच्या भरवशावर? वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा शंभर मिली रक्तात तीस मिलीग्रॅम एवढीच आहे. हे हिशेब दोनशे रुपयांच्या बाटलीला आणि पाच हजारांच्या बाटलीला सारखेच लागू.

काही सुशिक्षित मंडळी थोडी घेतली तर हृदयाला चांगली, असे मला ऐकवतात. पूर्वी तसे लिहिले जाई हे खरे, पण त्या अभ्यासांतल्या उणिवा नंतर उघड झाल्या. मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले ते १९८८ सालीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले, की पूर्णपणे निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. म्हणून वर सांगितलेली चाखण्याची परीक्षाही निर्धोक म्हणून सांगितलेली नाही. माफक धोका डोळे उघडे ठेवून घेणे आणि रोजचा मोठा धोका ‘सूट होते’ म्हणून रिचवणे, यांतला फरक तेवढा मी दाखवतो आहे. मधुमेह, कावीळ होऊन गेलेली, फिट्सचा आजार, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर हुंगण्यापलीकडे जाऊ नये. आणि सकाळचे डोके दुखते म्हणून रोज पिणाऱ्याने पॅरासिटामॉल मनाने घेऊ नये, आधीच थकलेल्या यकृतावर तो दुसरा घाव ठरू शकतो.

रोज भरपूर घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती घरच्यांनीही वाचावी. एखाद्या दिवशी शपथ घालून दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत कंप, घाम, भास, फिट्स सुरू होऊ शकतात. याने जीवही जातो. गावात लोक ‘बाहेरची बाधा’ म्हणून त्याला अंगारा लावत बसतात. अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधे देऊन सोडवावी लागते. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हेच काम करते आहे. तिथे जाण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हात कापत असताना तो ब्रँडचा दोष म्हणून सांगणे अधिक लाजिरवाणे आहे.

माझ्या रुग्णाची तपासणी केली. यकृतावर चरबी आहे, सूज आहे, रक्तातली यकृताची मूल्ये दुपटीहून वाढलेली. पण यकृत अजून आकसलेले नाही, आणि आता थांबले तर ते बरेचसे सावरू शकते. हे सगळे मी कागदावर आकृती काढून समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे हीबी सूट व्हायली नाही म्हणायची?" मी म्हणालो, कोणतीच झाली नव्हती. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

कंप असल्यामुळे दारू घरी एकट्याने तोडायची नाही, हे बजावून विष्णुपुरीला चिठ्ठी दिली आहे. ते गेले आणि पाच दिवस राहिलेही. आता पुढच्या बाजाराला फेरतपासणीसाठी बोलावले आहे. येताना वहिनींनाही सोबत आणा म्हणालो आहे, कारण रोज किती चालू होती याचा खरा आकडा बहुधा तिकडूनच कळतो.