तालुक्याचा रकाना

१९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या (टीसीएस) दप्तरी मार्च २०२४ अखेर ६,०१,५४६ नोकरमाणसांची नोंद होती, त्यांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा पस्तीसहून अधिक होते आणि राष्ट्रीयत्वे दीडशेहून अधिक. हा तपशील कंपनी अभिमानाने प्रसिद्ध करते, आणि तो अभिमान अस्थानी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु डफळ्यांच्या जुन्या संस्थानातली, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारी आमच्या जत तालुक्यातली मुले त्यांत किती, हे सांगणारा रकाना मात्र त्या दप्तरात नाही.

कचेरी जिथे, मनुष्यबळाचा चेहरा तिथला, हे उघड आहे. सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय उभे असताना तिथली पदवी म्हणजे पुण्याच्या हिंजवडीचे तिकीट, हे आम्ही इतके गृहीत धरले आहे की त्याची कोणास खंतही वाटत नाही. (इन्फोसिस तर १९८१ साली पुण्यातच जन्मली आणि दोन वर्षांत बंगळुरास गेली, तेव्हा बोलायचे कोणाला?) त्याच इन्फोसिसने २०२४ साली हुबळीच्या कचेरीत बदलून जाणाऱ्यांना बक्षिशी देऊ केली. लहान शहरात कचेरी न काढण्यासाठी विमानतळाची आणि ग्राहकांची सबब सांगणाऱ्यांनी याचा विचार करावा. जतला कचेरी काढा असा अव्वाच्या सव्वा हट्ट मी धरीत नाही. मिरजेस झाली तरी शनिवारी घरी येता येईल.

टाळेबंदीत तर गावी राहूनच काम करणे घडूनही गेले. पंचवीस साली पाव मनुष्यबळ कचेरीत असले तरी पुरे, असे टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले होते. तेवीसच्या ऑक्टोबरात तिनेच सर्वांना आठवड्याचे पाचही दिवस बोलावून घेतले. दुसऱ्याच एका कंपनीत असलेला आमच्या शेजारचा मुलगा त्या दिवसांत रेंज मिळावी म्हणून माळवदावर चढून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, पालथ्या पाटीवर लॅपटॉप ठेवून परदेशातल्या साहेबाशी बोलत असे, आणि खाली माडग्याळी मेंढ्या ओरडू लागल्या की लगबगीने माईक बंद करीत असे. काम अडल्याची तक्रार कधी आली नाही. पुढे त्यालाही पुण्याचे बोलावणे आले, रात्रीच्या एस.टी.ने तो गेला, आणि त्या पाटीत त्याची आई आता शेणी वाहते.