दोष आईचा नाही, मोरीतल्या जागेचा

उन्हाळ्यात तहानलेले लेकरू मोरीत जाते, कोल्ड्रिंकची बाटली दिसते आणि ती तोंडाला लावते. बाटलीत असते फरशी धुण्याचे ॲसिड, नाही तर फिनेल. असे लेकरू दवाखान्यात आणले की पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो, "तुझे लक्ष कुठे होते?" परिचारिका म्हणून काम करताना हा प्रश्न आम्ही फार वेळा ऐकला. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. ती बाटली जमिनीवर का होती, हे विचारले पाहिजे.

ती जमिनीवर होती, कारण मोरीत फळीच नव्हती. साबण, ब्लेड, फिनेल, पॅडची पिशवी, सारे मोरीच्या कठड्यावर. "दहा बाय दहाच्या खोलीत फळीला जागा कुठे?" असे लोक म्हणतात. जमिनीवर जागा नाही, म्हणूनच भिंत वापरायची. लहान घराला फळीची गरज जास्त.

फळ्या दोन हव्यात. खालची जमिनीपासून दोन फुटांवर, फक्त साबण आणि तेलासाठी. पाटावर बसून आंघोळ करणाऱ्या आजीच्या हाताला साबण लागला पाहिजे. ओल्या फरशीवर साबण शोधताना पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर म्हातारे माणूस अंथरुणाला खिळते.

वरची फळी मोठ्यांच्या खांद्याइतकी उंच. डोक्यावर नको, काढताना बाटली निसटली तर डोळ्यांत जाईल. बादली पालथी घालून मूल चढतेच, म्हणून फिनेल कडीच्या डब्यात ठेवा आणि त्याच्या मूळ बाटलीतच असू द्या. ॲसिड घरात न ठेवणेच बरे. ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर क्लोरीनचा विषारी वायू होतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो. याच फळीवर झाकणाच्या वेगळ्या डब्यात पॅड किंवा उन्हात वाळवलेले पाळीचे कापड ठेवावे. दडवून ओले ठेवलेल्या कापडाने खाज आणि जंतुसंसर्ग होतो.

प्लायवूड पाण्याने फुगते. कोपऱ्यात सिमेंटने बसवलेला कडप्प्याचा तिकोनी तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही. पत्र्याच्या घरात लाकडी खांबाला लोखंडी अँगल लावा. विजेच्या बटनाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते. पाणी तापवायचा रॉड या फळीवर कधीच नको.

तरीही लेकराने काही प्यायलेच, तर ओकारी काढू नका, मिठाचे पाणी किंवा लिंबू देऊ नका. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा जाळते. रॉकेल असेल तर ओकताना ते फुप्फुसात जाते. तोंड पाण्याने धुवा, 108 ला फोन करा, बाटली सोबत न्या.

भाड्याची खोली असेल तर घरमालकाशी बोला. हे काम बाईवर ढकलू नका. घरातल्या पुरुषांनी या रविवारीच हाती घ्यावे. ज्या घराने फळी लावली नाही, त्या घराला आईकडे जाब मागण्याचा अधिकार नाही.