कान ऐकेल, पण शब्द कळतील का?

मध्यकर्णात रोपण करून घेण्यापूर्वी रुग्णाचा खरा प्रश्न एकच असतो : शस्त्रक्रियेनंतर माणसांचे बोलणे समजेल का? हे भाकीत टक्केवारीत मांडण्याचे प्रयत्न जगात चालू आहेत. बेंगळुरूसारख्या बहुभाषिक शहरात मात्र आणखी एक प्रश्न उभा राहतो : हे टक्के कोणत्या भाषेतले?

प्रथम भौतिकी. कानाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, तर रिकिबीच्या तळाचे सुमारे ३.२. हे गुणोत्तर आणि हाडांची तरफ यांमुळे हवेतील ध्वनीचा दाब अंतर्कर्णातील द्रवापर्यंत पोचताना वीसपटींहून अधिक वाढतो. १९९६ साली झुरिचमध्ये प्रथम बसवलेल्या 'व्हायब्रंट साउंडब्रिज' या रोपणात जेमतेम २५ मिलिग्रॅमचा कंपक ऐरणीच्या हाडाला जोडतात व कंपने थेट पुढे जातात. वहनातील उणीव अशी भरून निघते. कॉक्लियातील निकामी झालेल्या केशपेशी मात्र परत येत नाहीत. म्हणून पुरेशा मोठ्या आवाजात, हेडफोन लावून, रुग्ण जास्तीत जास्त किती शब्द ओळखतो, यावरून शस्त्रक्रियेनंतरच्या आकलनाची मर्यादा ढोबळमानाने कळते.

पण शब्द भाषेचे असतात. जर्मनीत रूढ असलेल्या फ्रायबुर्ग चाचणीत एकाक्षरी शब्द आहेत. कन्नडमध्ये असे शब्द मोजकेच. त्यामुळे म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत तयार झालेल्या कन्नड यादीत द्व्यक्षरी शब्द घेतले आहेत. मराठीची कसोटी आणखी वेगळी. 'पळ' आणि 'फळ', 'काल' आणि 'काळ' यांतील भेद सूक्ष्म आहेत. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांत तर लेखन एकच, उच्चार दोन. दुसऱ्यातील दंत्य घर्षण उच्च कंप्रतेचे असते आणि वयाबरोबर बहुधा त्याच कंप्रता आधी हरवतात. एका भाषेतील समीकरण दुसरीला जसेच्या तसे लावणे म्हणजे परक्या मापाने कापड बेतणे होय.

दुसरी अडचण संख्याशास्त्राची. २५ शब्दांपैकी १५ ओळखले, की अहवालात ६० टक्के लिहिले जाते. परंतु एवढ्या लहान यादीत केवळ यदृच्छेमुळे तोच रुग्ण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान कोठेही दिसू शकतो. ज्या मोजमापात एवढी अनिश्चितता आहे, त्यावर उभारलेले भाकीत एका आकड्यात सांगणे विज्ञानाला धरून नाही.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक आहेत. चाचणी रुग्णाच्या घरच्या भाषेत व्हावी. भाकीत पल्ल्याच्या स्वरूपात, त्याच्या अनिश्चिततेसह सांगावे. रुग्णालयांनी यशाबरोबर फसलेली भाकितेही प्रसिद्ध करावीत. समीकरण सुधारते ते त्यांच्यामुळेच.

लाखोंचा खर्च करून शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या आजीला डेसिबलशी कर्तव्य नसते. नातवाने 'फळ' मागितले की 'पळ' म्हटले, एवढेच तिला कळायला हवे असते. भाकिताची खरी परीक्षा तेथेच आहे.