सीमा एवढा एकच शब्द पुरेल का?

मराठीच्या वर्गात मुलांना रंग शिकवतात, भाज्या, नाती, आठवड्याचे वार शिकवतात. एखादी वस्तू जिथे संपते तिथल्या शब्दांची पाळी आली की मात्र फळ्यावर बहुधा एकच शब्द येतो: सीमा. इस्रायलमध्ये वाढलेल्या मुलाला तो लगेच कळतो. ‘गवुल’ हा शब्द बातम्यांतून त्याच्या कानावर सतत पडत असतो. पण वहीत ‘गवुल म्हणजे सीमा’ एवढेच लिहून घेतलेल्या मुलाला आजीचे बरेचसे बोलणे कळणार नाही, कारण आजी सीमा हा शब्द क्वचितच वापरते.

ती काठ म्हणते. साडीचा काठ, विहिरीचा काठ, पेल्याचा काठ. शुक्रवारी रात्री किद्दुशचा पेला काठोकाठ भरतात, आणि परीक्षेत कसाबसा पास झालेला नातू काठावर पास होतो. साडीचा काठ कोणाला अडवण्यासाठी नसतो. कापड कडेला घट्ट विणलेले असते म्हणून ते उसवत नाही. नदीला, तळ्याला काठ असतो, समुद्राला किनारा. नवगावला गलबत फुटून वाचलेली सात जोडपी ज्या जागी लागली असे परंपरा सांगते, तिला कोणी काठ म्हणत नाही. हिब्रूत ‘सफा’ म्हणजे ओठ, सफा म्हणजे भाषा, आणि समुद्राचा किनाराही ‘स्फात हयाम’, म्हणजे समुद्राचा ओठच. हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला मराठी काठ समजायला अवघड जाऊ नये. वर्गात दोन्ही भाषा शेजारी ठेवण्याची भीती उगाच बाळगली जाते.

दाराचेच पाहावे. खाली उंबरठा, वर कपाळपट्टी, दोन बाजूंना बाह्या. मराठी दाराला कपाळ आहे आणि हातही आहेत! मेझुझा या शब्दाचा मूळ अर्थ दाराची बाहीच. पुढे तिच्यावर लावलेल्या वस्तूला तेच नाव मिळाले. तेफिलिन हाताला आणि कपाळावर बांधायचे, मेझुझा बाहीवर लावायचा. शमाच्या त्या ओळी शिकवताना हे मराठी शब्द सांगितले तर मूल ते विसरणार नाही.

पदराची गोष्ट याहून मोठी आहे. ‘आजी, पदर म्हणजे साडीचा सोफ ना?’ असे नातवंड विचारते, आणि आजीला धड हो म्हणता येत नाही, धड नाहीही म्हणता येत नाही. पदर साडीचे टोक आहे खरे. पण पदरचे पैसे म्हणजे स्वतःचे पैसे. पदर पसरणे म्हणजे मागणे, पदरात घेणे म्हणजे आपले म्हणून सांभाळणे. हिब्रूत वस्त्राच्या टोकाला ‘कानाफ’ म्हणतात, त्यालाच त्सित्सित लावतात, आणि कानाफ म्हणजे पंखही. खळ्यावर रूथ बोआजाला आपल्यावर कानाफ पसरायला सांगते तेव्हा ती काय मागते आहे, हे समजावताना शिक्षकाला बरीच वाक्ये खर्चावी लागतात. मराठी जाणणाऱ्याला पदर हा एक शब्द पुरतो.

शेताच्या कडेला तोरामध्ये ‘पेआ’ म्हणतात. कापणी करताना ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायची. मिश्नाने ती साठाव्या हिश्शाहून कमी नसावी असे सांगितले आहे. म्हणजे शेताची कड ही मालकाची हद्द असूनही दुसऱ्याच्या हक्काची. कोकणातला बांध वेगळा. पेण-अलिबागच्या खारेपाटात बांध खाडीचे खारे पाणी अडवतो. तो फुटला तर भाताची जमीन नासते. तिथे कड खरोखरच अडवण्यासाठी असते. दोन्ही गोष्टी सीमा या शब्दात कोंबल्या तर दोन्ही हरवतात.

काही पालक म्हणतात, अशदोदच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला बांध, वेस, शीव कशाला? आधी त्याला चार वाक्ये बोलता येऊ देत. तक्रार रास्त आहे, आणि बांधाची यादी पाठ करायला लावणे तर चूकच. पण गावाची वेस कधी न पाहिलेली माणसेही घरची भांडणे वेशीवर टांगू नका म्हणतात. आणि शीव म्हणजे मुंबई बेट संपून साष्टी सुरू होते तिथली हद्द. स्टेशनच्या इंग्रजी पाटीवर तिचेच सायन झाले. सियोनला येण्याआधी कित्येक आजोबांनी रोज लोकलने सायन ओलांडले, हा विनोद समजायलाही शीव माहीत असावी लागते.

घाई करण्याचे कारण साधे आहे. पाणी, भात, जेवलास का, हे शब्द मुलांच्या कानांवर अजून पडतात. काठ, कड, पदर, बाही हे शब्द ती वस्तू हातात असतानाच बोलले जातात, आणि 1950-60च्या दशकांत मोठ्या वयात इथे आलेली जी पिढी ते सहज बोलते, तिच्यातले थोडेच लोक आता उरले आहेत. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर शब्दसूची छापून हे काम होणार नाही. आजीने कपाटातली एक साडी वर्गात आणावी, मुलांना दोन बाजूंनी धरायला लावावी आणि विचारावे: कोणाच्या हातात काठ आहे, कोणाच्या हातात पदर?